दुसरी चिठ्ठी

मंगळवार, २० जानेवारी

दुरुस्ती. रविवारच्या, १८ तारखेच्या नोंदीत मी लिहिलं आहे की ‘दुसरी चिठ्ठी नेहमीप्रमाणे निरांजनावर जाळली.’ हे खरं नाही. तिचा एक कोपरा काळा झाला आणि वात विझली. चिठ्ठी माझ्याकडे आहे.

ऑफिसात आम्हाला शिकवलं आहे की कंटेनरच्या सीलचा नंबर चुकला तर गिरवायचं नाही, खोडायचं नाही. एक रेघ मारायची, खरं काय ते शेजारी लिहायचं, सही, तारीख. तसंच केलं आहे. जाई, २०/१.

आता क्रमाने लिहिते.

आमच्या घरी मोठा प्रश्न आला की बाबा देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. गावी रवळनाथाच्या देवळात कौल लावतात, पण नेरूळहून दर वेळी कोकणात जाणं होत नाही, म्हणून आजोबांनी ही सोय काढली. एका चिठ्ठीत ‘होय’, एकीत ‘नाही’. लिहितात बाबा, घडी घालून ताम्हनात टाकतात बाबा, उचलते मी. पाच वर्षांची असल्यापासून मीच, कारण माझा हात शुद्ध आहे असं बाबा म्हणतात. उचललेली चिठ्ठी ते उघडून सगळ्यांना दाखवतात. राहिलेली कुणी उघडायची नाही. ती मी तिथेच निरांजनावर धरून जाळायची. देवाने जे सांगितलं नाही ते माणसाने वाचू नये.

रविवारचा प्रश्न क्षिप्राचा होता. माझी धाकटी बहीण, तेवीस वर्षांची. तिला सारसोळ्याच्या रूपेशशी लग्न करायचं आहे. तो जासईच्या कंटेनर यार्डात आहे. माझ्या कामामुळे मीच त्याला आधी ओळखत होते, म्हणजे सुरुवातीचा दोषही माझा. त्याचं घर कोळ्यांचं. बाबांनी नकार दिला नाही. “मी कोण नाही म्हणणारा? देवाला विचारू,” म्हणाले. क्षिप्रा इतकी खूश झाली की चिठ्ठीआधी माझ्या कानात म्हणाली, “ताई, तुझा हात आहे ना, मग कसलं टेन्शन!”

मी उचलली. ‘नाही’ निघाली.

क्षिप्रा उभी होती तिथेच खाली बसली. ठाण्याहून काका-काकू आले होते, सगळे तिच्याकडे वळले. मी दुसरी चिठ्ठी ज्योतीवर धरली आणि ज्योत गेली. निरांजनात तूप जेमतेम थेंबभर होतं. ते रोज आत्या भरते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विसरली. एक्कावन्न वर्षांची झाली, आता विसरणारच. बाबांनी वळून विचारलं, “जळली?” मी “हो” म्हणाले आणि चिठ्ठी कुर्त्याच्या खिशात घातली.

देवापुढे खोटं बोलण्याची ही माझी पहिली वेळ. (सात वर्षांची असताना नैवेद्याची खडीसाखर खाल्ली होती, पण तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.)

गुरुवार, २२ जानेवारी

देवाची कृपाच म्हणायची. कुर्ता मशीनमध्ये गेला असता तर चिठ्ठीचा लगदा झाला असता. पण आत्याने नेमका तोच कुर्ता हाताने धुवायला म्हणून वेगळा काढून ठेवला होता. त्यावर तिची बोलणी मात्र खाल्ली.

“खिसे बघत जा गं. काय काय ठेवतेस आणि नंतर उघडून बघतही नाहीस.”

“बघते आत्या.”

“बघते म्हणतेस. बघत नाहीस.”

चिठ्ठीचं काय करू? आता जाळली तर चालेल का? उशिरा जाळलेली मोजतात का? गॅसवर जाळणं बरं दिसत नाही. बाबांना विचारावं तर आधी खोटं कबूल करावं लागेल. उघडण्याचा तर प्रश्नच नाही. तिच्यात ‘होय’ आहे हे मला ठाऊकच आहे. ठाऊक असलेली गोष्ट वाचून मिळणार काय? फक्त पाप.

क्षिप्राने रूपेशला कळवलं, “देवाची मर्जी नाही.” एवढाच मेसेज. त्याचं एका ओळीचं उत्तर वाचून फोन बंद करून टाकला.

शनिवार, २४ जानेवारी

सारसोळ्याला जाऊन आले. क्षिप्राला रूपेशच्या आईला तोंड दाखवणं जमेना. मी म्हटलं, चिठ्ठी मी उचलली, तर निरोपही मीच द्यायला हवा.

सुचिता मावशी ओट्यावर बसून सुका जवळा निवडत होत्या. वर तीन मजले भाडेकरू, खाली त्या. मला बघून सूप बाजूला केलं.

“बस. चाय पिशील?”

“नको मावशी. सांगायला आले होते. आमच्याकडे देवाला विचारलं. देव नाही म्हणाला.”

“म्हनाला? तू आयकलंस?”

“चिठ्ठी निघाली.”

“कोनी लिवलेली?”

“बाबांनी.”

त्या इतक्या हसल्या की मांडीवर उरलेला जवळा सांडला. “मंग तुजा बाप म्हनाला, देव कनाला म्हनंल? आमचा देव बरा हाय बाय. त्याला लिवता येत नाय. अंगान येतो, सगल्या गावासमोर वरडून सांगतो. कवा कवा चुकतो पन. मंग आमी त्याला शिव्या देतो.”

“देवाला शिव्या?”

“घरचाच हाय ना तो. परका थोडाच हाय?”

मी उठले. मला राग आला होता, तो इथे नोंदवते. आमच्या देवाची अशी थट्टा मी एरवी कुणाकडून ऐकून घेतली नसती. पण जाता जाता त्या म्हणाल्या, आणि तेव्हा हसत नव्हत्या, “पोर माजा चार दिस धड जेवला नाय. ह्ये पन सांग तुज्या देवाला. चिट्टीवर लिव.”

बसस्टॉपवर एक गोष्ट मनात आली. मी देवाला रोज दोन वेळा नमस्कार करते, पण त्याला कुणाबद्दल काही सांगितलं आहे, असं आठवेना. मी फक्त विचारत आले.

रविवार, २५ जानेवारी

आज पूजेला बसले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. दुखत होतं, पण बसता येणार नाही इतकं नव्हतं.

मी इतकी का घाबरते ते लिहून बघते.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, क्षिप्रा दोन. मला दम्याचा त्रास, त्यामुळे चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. आत्याने घरी शिकवलं. बाराखडी आरतीच्या पुस्तकातून, बेरीज ताम्हनातल्या तांदळांनी. देव आणि अक्षरं मला एकाच माणसाकडून, एकाच पाटावर बसून मिळाली. म्हणून मला अजूनही लिहिलेली गोष्ट खोटी असू शकते हे पटकन सुचत नाही.

नऊ वर्षांची असताना आत्याची चिठ्ठी उचलली. पनवेलचे एक शिक्षक होते, बायको वारलेली. त्यांनी आत्याला विचारलं होतं. आत्या चौतीस वर्षांची होती. त्या दिवशी तिने हिरवी साडी नेसली होती आणि माझी वेणी दोनदा घातली, पहिली नीट झाली नाही म्हणून. मी उचलली. ‘नाही’ निघाली.  आत्याने आत जाऊन कुकर लावला.

तेव्हापासून चिठ्ठीच्या वेळी ती देव्हाऱ्यासमोर उभी राहत नाही. निरांजन लावून देते आणि स्वयंपाकघरात जाते. “नमस्कार लांबूनही पोचतो,” म्हणते.

त्या वर्षी बाबांची बंदरावर रात्रपाळी होती. क्षिप्रा सहा वर्षांची, मी आजारी. आत्या गेली असती तर आम्हाला बघायला कुणीच नव्हतं. देवाला हे सगळं दिसलं असणार, म्हणून त्याने नाही म्हटलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. माझ्या हातून आत्याचं घर मोडलं, पण हात त्याचा होता. एवढ्यावर मी झोपू शकते.

मंगळवार, २७ जानेवारी

काही घडलं नाही. क्षिप्रा दुपारी जेवली नाही. तिचा डबा उघडला, पोळी तशीच.

आत्याने माझं टेबल आवरलं. चिठ्ठी मी डायरीच्या मागच्या पानात ठेवली होती, ती वर काढून माझ्या चष्म्याखाली ठेवली होती. पडली असेल. आत्याला वाचनाचा चष्मा बदलायला हवा, कुठली वस्तू कुठे ठेवते तेच तिला दिसत नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

उघडली.

‘नाही.’

शुक्रवार, ३० जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून लिहिते आहे.

आधी बाबांची बाजू. चूक होऊ शकते. माणूस दोन कागद घेतो, फोन वाजतो, दोन्हींवर तेच लिहून जातं. आमच्याकडे एकाच सीलचा नंबर दोन बिलांवर पडल्याचं मी स्वतः पकडलं आहे. तर हे शक्य आहे. शक्य आहे, असं मी काल संध्याकाळपासून चाळीस वेळा तरी म्हटलं आहे आणि एकदाही पटलेलं नाही.

आता माझी बाजू.

देवा, मला वाटायचं की चिठ्ठी उचलताना बोटांना जो गारवा जाणवतो तो तू आहेस. एकवीस वर्षं मी त्या गारव्यावर जगले. मला मैत्रिणी फार झाल्या नाहीत, मी कुठे एकटी गेले नाही, पण मनात होतं की एका माणसाच्या हाताला तू धरलं आहेस आणि ते माणूस मी आहे. ताम्हन तांब्याचं आहे. तांबं गारच लागतं. हे मला कुणी सांगायला नको होतं.

सकाळी बसमध्ये रडू येत होतं. जासईच्या फाट्यावर ट्रकांची रांग लागली, बस अर्धा तास उभी, आणि तिथे बसल्या बसल्या रडू संपलं. कारण दुसरीही एक गोष्ट खरी ठरते. तू माझ्या हातातून कधी बोलला नसशील, तर तू आत्याला कधी नाही म्हटलं नाहीस. क्षिप्रालाही नाही. तू कुणालाच नाही म्हटलेलं नाहीस. तुझ्या नावावर घातलेले इतके नकार, आणि त्यातला एकही तुझा नाही!

मी तुझ्यावर रागावले नाही. मी तुझ्या बाजूने रागावले आहे. हे पाप असेल तर तसं मला सांग. पण कागदावर नको.

रविवार, १ फेब्रुवारी

क्षिप्राला सांगितलं. सेक्टरच्या बागेत, भेळ खाताना. भेळेआधी सांगायला हवं होतं. तिने घास तोंडात घेतला होता आणि तो तिला गिळता येईना.

“दोन्हींवर?”

“दोन्हींवर.”

“आणि तू चौदा दिवस हे घेऊन फिरत होतीस? यार ताई! मी त्याला देवाची मर्जी नाही म्हणून सांगितलं. तो भांडलाही नाही. ‘देवापुढे मी काय बोलू’ म्हणाला.”

“मी अकरा दिवस उघडलीच नव्हती.”

“का?”

“पाप लागलं असतं.”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. पण तिने माझ्या हातातली भेळ काढून घेऊन बाकावर ठेवली, कारण ती कलंडून माझ्या ओढणीवर सांडत होती.

मग म्हणाली, “ऐक. देवाने नाही म्हटलं नसेल तर मी हो म्हणते. आजच फोन करते त्याला. पण मी पळून जाणार नाही. आणि देवाविरुद्ध गेली, हे आयुष्यभर कुणाकडून ऐकणार नाही. काका, काकू, सगळे तिथे होते. ज्यांच्यासमोर ‘नाही’ दाखवलं त्यांच्यासमोर खरं सांगायचं. मी सांगितलं तर कोण मानणार? तू सांग.”

“बाबांची मान खाली जाईल.”

“माझी गेली तेव्हा तू होतीस ना तिथे?”

होते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

बाबांशी बोलले. सकाळी, पूजेच्या आधी. ते सहाणेवर चंदन उगाळत होते. मी चिठ्ठी समोर ठेवली.

“उघडलीस?” ते म्हणाले.

आत काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. माझी फोन वाजल्याची शक्यता तिथेच संपली.

“बाबा, दोन्हींवर ‘नाही’ होतं.”

“देव काय हात धरून लिहितो का, जाई? त्याच्या मनात काय आहे ते घरातल्या मोठ्या माणसाला कळतं. मी ते लिहितो.”

“मग एकच लिहा. दोन कशाला?”

“दोन दिसल्या की माणूस शांतपणे ऐकतं.”

“आणि माझा हात?”

“तुझा हात शुद्ध आहे, बाळ. सगळ्यांचा त्यावर विश्वास आहे.”

“म्हणून वापरलात.”

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “तुमची आई गेली तेव्हा हे घर मी कशाने धरून ठेवलं? मारून? ओरडून? एकदा तरी ओरडलो का तुमच्यावर? आठवून सांग.”

मी खरंच आठवून बघितलं. नाही ओरडले. एकदाही नाही. शाळेतल्या मुलींचे वडील ओरडायचे तेव्हा मला माझ्या बाबांचा अभिमान वाटायचा, तो अजून आहे.

“तुम्हाला ओरडावं लागलं नाही बाबा. तुमच्या वतीने देव नाही म्हणायचा.”

ते उगाळत राहिले. मग मी विचारलं, “आत्याच्या वेळी?”

सहाणेवरचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. त्यांनी पाणी जास्त घातलं, गंध पातळ झालं, आणि तेच पातळ गंध त्यांनी देवाला लावलं. माझे बाबा देवाला पातळ गंध लावत नाहीत.

निघताना म्हणाले, “महाशिवरात्रीला सगळे येतायत. पुन्हा टाकू. तुला माझ्यावर संशय आहे ना, मग या वेळी तू लिही.”

शनिवार, ७ फेब्रुवारी

क्षिप्राला बाबांचं म्हणणं सांगितलं तर तिने टाळीच वाजवली. “मग काय! दोन्हींवर ‘होय’ लिही. मॅटर क्लोज. सगळे खूश, बाबांची मानही वर.”

लपवत नाही : मी लिहून बघितलं. दोन कागद फाडले, दोन्हींवर ‘होय’ लिहिलं, घडी घातली. फार सोपं आहे. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. घडी घालताना मला खरोखर वाटू लागलं की देवाच्या मनात हेच आहे आणि मी फक्त ते लिहिते आहे. बाबांनाही असंच वाटत असेल, आणि मला त्यांची पहिल्यांदा कीव आली. मग कागद फाडून टाकले.

क्षिप्राला सांगितलं, “मी लिहिणार नाही आणि उचलणारही नाही.”

“ताई, तू ना, अशक्य आहेस. चांगलं उत्तर आलं तरी नको?”

“चांगलं उत्तर तू दिलंस ना परवा. बागेत. त्याच्यावर देवाचा शिक्का कशाला हवा?”

 त्यावर ती म्हणाली, “सुचिता मावशी म्हणत होत्या, तुझी बहीण दिसते भित्री पण नाय.” म्हणजे फोन झाला आहे. रूपेश जेवतो आहे.

आत्या वाल सोलत हे सगळं ऐकत होती. मी विचारलं, “आत्या, तुला काय वाटतं?” तर म्हणते, “महाशिवरात्रीला निरांजनात तूप भरू का, की राहू दे?” इकडे घर कुठे चाललंय आणि हिला तुपाची काळजी. मी म्हटलं, “भर गं, काठोकाठ भर.” ती हसायला लागली. वालांचं टोपलं मांडीवरून घसरेपर्यंत हसली. मला चीड आली, मग मीही हसले. का ते कळलं नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी देव्हाऱ्यासमोर बसले. काही विचारलं नाही. सांगितलं. रूपेश चार दिवस जेवला नव्हता, हे सांगितलं. आत्याच्या हिरव्या साडीचं सांगितलं. बाबा वाईट नाहीत, ते घाबरलेले आहेत, हे सांगितलं. मला ऑफिसातल्या नव्या साहेबांची भीती वाटते, हेही. कसलाही गारवा आला नाही. उत्तर आलं नाही. मी तरी बसले, आणि उठताना लक्षात आलं की पहिल्यांदाच मी इथून घाबरत उठत नाही आहे.

मग बाबांकडे गेले. त्यांना बेसावध गाठून सगळ्यांसमोर उघडं पाडणं मला मान्य नाही. ते मी त्यांच्याकडूनच शिकले आहे, की कुणाचा अपमान करायचा नसतो.

“बाबा, रविवारी मी चिठ्ठी लिहिणार नाही, उचलणार नाही. तुम्ही सगळ्यांना खरं सांगा. आत्याचंही. तुम्ही सांगितलंत तर मी एक शब्द बोलणार नाही, तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

“देवापुढे बापाविरुद्ध बोलशील?”

“देवापुढे खरं बोलेन. तुम्ही कुठे उभं राहायचं ते तुम्ही ठरवा.”

“तुला भीती नाही वाटत त्याची?”

“तुमची वाटते,” मी म्हणाले. “त्याची वाटत होती, ती तुमचीच निघाली.”

हे मी बोलले. माझा विश्वास बसत नाही, म्हणून शब्द बदलायच्या आत लिहून ठेवते आहे. बाबांनी चष्मा काढून पुसला.

सहा दिवस आहेत. या सहा दिवसांत मला ताप येईल, दमा उठेल, मी रडेन, बाबांचा चेहरा बघून दहा वेळा माघार घ्यावीशी वाटेल. हे सगळं आधीच नोंदवते, म्हणजे तेव्हा कारण म्हणून सांगता येणार नाही. काका-काकू अकराला पोचतात. आरती साडेबाराला संपते. आत्याला मी स्वयंपाकघरातून बाहेर बोलावणार आहे, समोर बसवणार आहे. तोवर बाबा बोलले नसतील तर मी उभी राहीन आणि म्हणेन : देवाने क्षिप्राला नाही म्हटलेलं नाही. देवाने आत्याला नाही म्हटलेलं नव्हतं.

तारीखही आजच घालून ठेवते : रविवार, १५ फेब्रुवारी.